रुंदीकरण एका बाजूने करा, सुरुवात मोरीपासून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की कृष्णाकाठच्या जिल्हा मार्गांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर उतरतात. डांबर पावणेचार मीटर, ट्रॉलीतून ऊस दोन्ही बाजूंना लोंबलेला. समोरून एसटी आली की कोणाला तरी साइडपट्टीवर उतरावे लागते आणि उतरणारा बहुधा दुचाकीवाला असतो. रुंदीकरण व्हायला हवे याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणत्या बाजूने आणि कोणत्या क्रमाने करायचे याचा. नेमके हेच अंदाजपत्रकात कोणी विचारत नाही.

रिवाज असा की जुन्या डांबराच्या दोन्ही कडांना सारखी वाढ द्यायची. ३.७५ मीटरचा रस्ता ५.५० मीटर करायचा तर प्रत्येक बाजूला साडेसत्त्याऐंशी सेंटिमीटर येतात. व्हायब्रेटरी रोलरचा ड्रम साधारण दोन मीटर रुंद असतो. तो कडेला खणलेल्या एवढ्या अरुंद चरात उतरूच शकत नाही. मग ड्रमची एक बाजू जुन्या डांबरावर आणि एक बाजू नव्या भरावावर ठेवून रोलर फिरवतात. सगळा भार जुने टणक डांबर घेते, नवा भराव वरवर चेपतो, तळ सैलच राहतो. कागदावर मात्र दबाई, म्हणजे भराव किती घट्ट दाबला याचे प्रमाण, ९७ टक्के. चाचणीचा खड्डा वरच्या थरात घेतला की आकडा बसतो. तळाच्या थरात कोणी घेत नाही.

त्यातून इथली माती काळी. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार अशी फुगणारी माती रस्त्याच्या पायाच्या वरच्या ५०० मिलिमीटर थरात आणि त्याखालच्या आणखी ५०० मिलिमीटरमध्ये चालत नाही. प्रत्यक्षात कडेला जेसीबीने दीड-दोन फूट खोल चर मारतात, त्यात खडी-मुरूम भरतात आणि बाहेरच्या बाजूला काळ्या मातीची भिंत तशीच ठेवतात. म्हणजे हौद झाला. वरून झिरपलेले पाणी खडीतून खाली जाते, पण बाहेर पडायला वाट नाही. शेजारच्या उसाला पाटपाणी चालू असेल तर हा हौद भर उन्हाळ्यातही ओला असतो. पहिल्या पावसाळ्यात जुन्या-नव्या डांबराच्या सांध्यावर दोऱ्यासारखी सरळ भेग दिसते. गणपतीपर्यंत तिच्यात बोट जाते. दिवाळीला नवी पट्टी दोन-तीन इंच खचते आणि दुचाकीचे चाक त्या खाचेत अडकते. लोक म्हणतात डांबर कमी मारले. डांबराचा दोष कमीच असतो, दोष त्या हौदाचा.

तीच पावणेदोन मीटरची वाढ एकाच बाजूला दिली तर सगळा हिशेब बदलतो. त्या बाजूला साइडपट्टीसकट दोन-अडीच मीटर रुंदीचे काम निघते, रोलर पूर्ण बसतो, २०-२० सेंटिमीटरचे थर नीट दाबता येतात. जुन्या भरावाच्या उताराला निदान ३० सेंटिमीटर रुंदीच्या पायऱ्या कापून नवा भराव त्यात गुंतवावा, नुसता उतारावर लोटू नये. खडीचा निचरा-थर साइडपट्टीच्या खालून थेट बाहेरच्या उतारापर्यंत काढावा, म्हणजे पाणी रस्त्याकडेच्या पाण्याच्या चरात पडेल. शिवाय एका बाजूची चिंचा-वडांची रांग वाचते आणि विजेचे खांबही एकाच बाजूचे हलवावे लागतात.

याला एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. रस्त्याचा मध्य सरकतो, म्हणून पाण्याचा माथा, म्हणजे जिथून पाणी दोन्हीकडे उतरते ती उंच रेषा, तीही सरकवावी लागते. ३.७५ चा रस्ता एका बाजूने वाढवून ७ मीटर केला आणि दोन्हीकडे अडीच टक्के उतार ठेवला, तर माथा जुन्या मध्यापासून १.६२ मीटर सरकतो आणि जुन्या डांबराच्या वाढीकडील कडेवर सुमारे ८ सेंटिमीटर भर पडते. हा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरला नाही तर ठेकेदार माथा आहे तिथेच ठेवतो. मग एका बाजूला पाणी धावते, दुसरीकडे मध्येच डबकी साचतात. दुसरी अडचण माणसांची आहे. 'माझ्याच बांधाकडे का?' हा प्रश्न येतोच आणि दोन्हीकडे सारखे वाटून टाकले की सभेत कोणी बोलत नाही. त्यावर उपाय एकच: आखणीआधी भूमी अभिलेखकडून रस्त्याच्या हद्दीची मोजणी करून दगड रोवणे. पुष्कळ ठिकाणी सरकारी हद्द पुरेशी असते, फक्त तिच्यात ऊस उभा असतो.

जाता जाता रुंदीबद्दलही. साडेपाच मीटर ही मधली तडजोड आहे. दोन एसटी गाड्या अडीच-अडीच मीटरच्या धरल्या तर आरशांसाठी, चुकीसाठी मिळून अर्धा मीटर उरतो. कारखान्याच्या रस्त्याला ७ मीटरच हवेत.

आता पाणी. ७ मीटर डांबर आणि दोन्हीकडे दीड-दीड मीटर साइडपट्टी असा एक किलोमीटर घ्या. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढ्या पृष्ठावर ५०० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर पाणी तासाभरात पडते. ते जायचे कुठे? चर असतो, पण प्रत्येक शेतकऱ्याला शेतात ट्रॅक्टर उतरवायचा असतो आणि तो चरात चार ट्रॉल्या माती टाकून वाट करतो. दोष त्याचा नाही, अंदाजपत्रकात त्याच्या वाटेची नळीच धरलेली नसते. अशा प्रत्येक वाटेखाली ४५० मिलिमीटरचे अडीच मीटरी दोन सिमेंट पाइप टाकले तर पाच मीटर रुंद उतार मिळतो, ट्रॉलीसकट वळता येते आणि चरही वाहता राहतो. पक्क्या गटाराला १०० मीटरला निदान ३० सेंटिमीटर उतार हवा आणि शेवट ओढ्यात हवा. कित्येक गटारे गावाची वेस संपताच कोणाच्या तरी शेताच्या कोपऱ्यात सोडलेली असतात. पुढच्या पावसाळ्यात तो शेतकरी गटाराच्या तोंडात पोती कोंबतो, आणि त्याचे काय चुकते?

उपसा सिंचनाच्या पाइपलाइनही याच कामात पाहाव्यात. रस्ता ओलांडणारी प्रत्येक लाइन मोठ्या पाइपच्या आवरणातून न्यावी आणि पुढची सोय म्हणून दोन-चार रिकामी आवरणे आधीच टाकून ठेवावीत. नाही तर नवे डांबर पडल्यावर महिनाभरात कोणीतरी रात्रीतून आडवा चर मारणारच.

मोऱ्यांची, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या नळ्यांची, कथा सर्वांत वाईट. डांबर रुंद होते, मोरी तेवढीच राहते. कठडा डांबराच्या कडेला येऊन ठेपतो आणि अंधारात गाडी त्यावरच जाते. लांबी वाढवलीच तर जुन्या तीन पाइपांना चौथा जोडतात, पण त्याखाली पाया करत नाहीत. चौथा पाइप खचतो, सांधा उघडतो, वरची माती थोडी थोडी नळीत वाहून जाते आणि एके दिवशी डांबराला वरून घमेल्याएवढे भोक पडते. खाली पोकळी असते बैलगाडीएवढी. जुनी ६०० मिलिमीटरची नळी गाळाने निम्मी भरलेली असेल तर तिला लांबवून उपयोग नाही, बदलावीच. त्याच उतारावर ९०० ची नळी ६०० च्या जवळजवळ तिप्पट पाणी नेते. पाइपच्या किमतीतला फरक त्या मानाने किरकोळ आहे.

रुंद रस्त्यावर वेग वाढतो, मग शाळेसमोर लोकच दगड-मुरमाचा ओबडधोबड उंचवटा करतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, अगोदर फलक आणि रंगाचे पट्टे हवेत. त्याच्या चढत्या बाजूला पाणी तुंबते, म्हणून कडेला वाट ठेवावी. वळणावर ६० ते १०० मीटर त्रिज्येसाठी ०.९ मीटर जादा रुंदी लागते. तिथे सगळे पाणी आतल्या बाजूला उतरते, त्यामुळे आतला चर मोठा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले आहे. सुरक्षिततेचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेवटी क्रम. आधी मोजणी आणि खांब-पाइपलाइन हलवणे, मग मोऱ्या, मग चर आणि शेतवाटांच्या नळ्या, मग भराव, डांबर सगळ्यात शेवटी. होते ते उलटे: मार्चअखेर निधी खर्ची पडावा म्हणून आधी डांबर, आणि मोऱ्या 'पुढच्या टप्प्यात'. निविदेतच अट घालावी की मोऱ्या आणि चर पूर्ण होऊन त्यांचे उतार लेव्हल यंत्राने तपासल्याशिवाय डांबराचे देयक निघणार नाही. दबाईची चाचणी प्रत्येक थराला व्हावी, जुन्या डांबराच्या सांध्यापासून हातभर अंतरावर व्हावी, आणि तिचे आकडे कामाच्या फलकावर खडूने का होईना लिहिले जावेत. ग्रामपंचायतीच्या कोणाही सदस्याने जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन रस्त्यावर जावे आणि पाणी साइडपट्टी ओलांडून चरात पडते की डांबराच्या कडेने धावते एवढेच पाहावे. कडेने धावत असेल तर साइडपट्टी उंच राहिली आहे. ती त्याच आठवड्यात फावड्याने कापून घेता येते, त्यासाठी ना निविदा लागते ना निधी.

आपले विनीत,
रस्तेबांधणीच्या कामातील काही वाचक, जि. सांगली