आईचा हात दाराच्या हँडलवर ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणता आणि हवामानावर घसरता. म्हणून हे पत्र, तेही उघड. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय ऑन्टारिओतल्या रेड लेक, सू लुकआउट या बाजूने फ्लोटप्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने) आत जायचं आणि आठवडाभर गळ टाकून बसायचं, असे बेत आता टोरंटो-ब्रॅम्प्टनमधली मराठी घरंही करू लागली आहेत. डॉकवर उभं राहून तुम्ही जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर पडायला हवं.

आधी ज्यांच्यामार्फत सगळं ठरवलं होतं त्यांचं नाव घेत नाही. आमची सहल सेल्फ-गाइडेड होती, म्हणजे सोबत वाटाड्या नाही. केबिन, होडी, मोटर, पेट्रोल, प्रोपेन कॅम्पवाल्याचं. मासे शोधणं, रांधणं आणि जीव सांभाळणं आपलं. त्यात गैर काही नाही, लोक त्यासाठीच तर जातात. पण त्या गृहस्थांनी त्याचा अर्थ 'पैसे भरा, पुढचं तुमचं तुम्ही बघा' असा लावला होता. आईला मासेमारीचं लायसन्स लागेल का, असं विचारलं तर म्हणाले, पासष्टच्या वर कुणालाच लागत नाही. ही सवलत कॅनडात राहणाऱ्यांना आहे. मालवणहून पाहुणी आलेल्या बाईला कितीही वय झालं तरी आउटडोअर्स कार्ड (लायसन्सच्या जोडीचं ओळखपत्र) आणि लायसन्स काढावंच लागतं, हे तुमच्याकडून कळलं. इन्सुलिनचं विचारलं तर उत्तर, "फ्रिज आहे." सामान किती चालेल? "नॉर्मल."

नॉर्मल! बीव्हर या छोट्या फ्लोटप्लेनच्या पोटात किती मावतं हे ज्याने पाहिलंय तो असं उत्तर देणार नाही. चार माणसं, त्यांचं आठवडाभराचं खाणं, गळाचं सामान आणि पायलट, एवढ्यावर ते विमान भरतं. सामानाला माणशी 100 पाउंड ही मर्यादा साधारण सगळीकडे असते आणि ती कुणाला छळायला घातलेली नसते. वारा पडलेला, पाणी आरशासारखं आणि हवा गरम असली, की फ्लोट (विमानाखालचे तरंगते पाय) पाण्याला चिकटून बसतात आणि उडायला लागणारं अंतर वाढतं. तळं लहान असेल तर समोर झाडं येतात. तुम्ही वजनकाट्यापाशी आमच्या बॅगा उघडायला लावल्यात तेव्हा आधी जरा राग आला होता, खरं सांगतो. कडक सुटकेस बाद, कारण ती सामानाच्या कोपऱ्यात दुमडत नाही. सगळं मऊ डफल बॅगांत. काचेच्या बाटल्यांतलं तेल प्लास्टिकच्या डब्यात. विजेवर चालणारा राइस कुकर गाडीत परत. प्रेशर कुकर मात्र तुम्ही राहू दिलात आणि विचारलंत, "गॅस्केट जास्तीचं आहे ना?" अस्वलासाठीचा स्प्रे आमच्या हातातून काढून घेऊन पायलटकडे दिलात. तो विमानात माणसांसोबत न्यायचा नसतो, फ्लोटमधल्या कप्प्यात ठेवायचा असतो. हवेत असताना तो आत फुटला तर पायलटला समोरचं दिसणार नाही, हे एका वाक्यात सांगितलंत आणि पुढच्या बॅगेकडे वळलात.

पण पत्र लिहायला बसलो ते आईच्या हातासाठी.

पायलटने सूचना दिल्या त्या इंग्रजीत, भराभर, तेही शेजारच्या विमानाचं इंजिन सुरू असताना. नियम त्याने पुरा पाळला. आईने मान हलवली, कारण सगळ्यांनी हलवली. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते. तुम्ही पायलटला "दोन मिनिटं" म्हणालात, आईच्या बाजूच्या दाराशी आलात, "मावशी, डोळे मिटा" म्हणालात आणि तिचा उजवा हात धरून दाराच्या हँडलवर ठेवलात. मग हात मांडीवर परत. पुन्हा डोळे मिटून हँडल. आता पट्ट्याचं बक्कल. पुन्हा हँडल. तिसऱ्या वेळी तुम्ही हात धरला नाहीत. तिचा हात आपण होऊन तिथे गेला.

यात काय विशेष, असं वाचणाऱ्याला वाटेल, म्हणून तुम्ही आम्हाला नंतर जे सांगितलंत ते लिहितो. फ्लोटप्लेन पाण्यावर आपटलं तर बहुतेक वेळा उलटं होतं. आत पाणी भरतं, अंधार होतो, डावं-उजवं आणि वर-खाली काही कळत नाही. 29 नोव्हेंबर 2009 रोजी ब्रिटिश कोलंबियात सॅटर्ना बेटाजवळ एक बीव्हर पाण्यात कोसळलं. आठांपैकी दोघं बाहेर आले, सहा जण आत बुडून गेले. दारं उघडली नाहीत की माणसं अडकतात. म्हणून क्रम पक्का हवा. विमान पूर्ण थांबेपर्यंत पट्ट्यात बसून राहायचं. एका हाताने दाराचं हँडल किंवा सीटची दांडी घट्ट धरायची. दार उघडायचं. पट्टा त्यानंतर सोडायचा, कारण पट्टा आधी सुटला की माणूस तरंगायला लागतो आणि दिशा हरवते. धरलेला हात न सोडता त्याच्या आधाराने बाहेर यायचं आणि मगच लाईफ-व्हेस्टची दोरी ओढायची. आत असतानाच व्हेस्ट फुगवला तर तो माणसाला वर नेऊन चिकटवतो. विमान उलटं असेल तेव्हा ते 'वर' म्हणजे विमानाचा तळ, आणि दार राहतं खाली. व्हेस्ट अंगावर असणं कॅनडात छोट्या व्यावसायिक फ्लोटप्लेनच्या प्रवाशांना आता बंधनकारक आहे. तो कधी फुगवायचा नाही, हे मात्र सांगणाऱ्याने समजेल अशा भाषेत सांगावं लागतं.

आईला तुम्ही हे सगळं सांगितलं नाहीत. सॅटर्ना बेटाचा तर शब्दही काढला नाहीत. "मावशी, दार हाताला पाठ असू दे, आणि ही दोरी बाहेर पडल्याशिवाय ओढायची नाही," एवढंच. ती घाबरली नाही आणि तिला जे यायला हवं ते आलं. कुठे थांबायचं हे कळणं मला त्या दिवशी सगळ्यात मोठं वाटलं. आमच्या मालवणात होडीत चढताना म्हाताऱ्या माणसाला न बोलता कोपराला हात देणारे तांडेल असायचे, त्यातलेच तुम्ही. विमान नीट उतरलं, नीट परत आलं, दाराचं हँडल धरायची वेळ आली नाही. म्हणून आभार कमी होत नाहीत. काहीच घडलं नाही की मदत दिसत नाही आणि असली मदत करणाऱ्यांना पत्रंही येत नाहीत, ही जगाची जुनीच रीत आहे.

बाकीचं भराभर सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा पुराण लावून बसला.

इन्सुलिन. प्रोपेनच्या फ्रिजला मागच्या बाजूला थंड पत्रा असतो, त्याला टेकलेली वस्तू गोठते, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. तुम्ही दिलेला उपाय साधा: प्लास्टिकचा डबा, आत टॉवेल, तो दाराच्या कप्प्यात आणि शेजारी तीन-चार डॉलरचा थर्मामीटर. फ्रिज सपाट उभा असल्याशिवाय नीट गार होत नाही, आणि जोराच्या वाऱ्याने त्याची ज्योत विझते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ वाकून निळी ज्योत बघायची. औषधं आणि डाळ-तांदूळ दोन दिवसांचे जास्तीचे. धुकं, वारा किंवा वणव्याचा धूर असला की विमान येत नाही, आणि पायलटला फोन करून गळ घालण्यात अर्थ नसतो. त्याने नाही म्हटलं तर त्याचेही आभारच मानावेत.

मोटर. होडीची 9.9 हॉर्सपॉवरची मोटर मध्येच बंद पडली की लोक लगेच झाकण काढतात. तुम्ही म्हणालात, झाकणाला हात लावायच्या आधी चार गोष्टी बघा. लाल दोरीची क्लिप (चालवणारा पडला तर मोटर बंद करणारी) स्विचवरून निसटली आहे का? निम्म्या वेळा तेच असतं, गुडघा लागून सुटते. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद असला तर मोटर काही मिनिटं छान चालते आणि मग गुदमरते, म्हणून माणसाला वाटतं काहीतरी मोठं बिघडलं. नळीचा जोड मोटरकडच्या टोकाला पूर्ण बसलाय का? रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो का, आणि त्यावरचा बाण मोटरकडे आहे का? मोटर सुरू झाली की मागून पाण्याची बारीक धार पडते ती बघायची. धार नसेल तर ताबडतोब बंद, नाहीतर इंजिन तापून जातं. मोटर ओरडते पण होडी हलत नाही, असं झालं तर पंख्याच्या आतलं रबर घसरलेलं असतं. तेव्हा अगदी हळू थ्रॉटलवर परत फिरायचं. पूर्ण थ्रॉटलवर ही मोटर तासाला साधारण चार लिटर पिते, त्यामुळे टाकीतलं एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेलं वाऱ्यासाठी. तुमच्या खिशातली जादा लाल क्लिप तुम्ही आमच्या टॅकल बॉक्समध्ये टाकलीत, तीही न मागता. ती हरवली तर दोन डॉलरच्या प्लास्टिकसाठी सगळा आठवडा केबिनच्या धक्क्यावर बसावं लागतं.

मासे. इथे आईला शिकवायला तुम्हीही घाबरलात! पण एक गोष्ट तिला सांगणं भाग होतं. कोकणात मासा साफ केला की कातडी, काटा, तुकड्या, सगळं आपल्या मनासारखं. ऑन्टारिओत घरी न्यायच्या प्रत्येक फिलेवर (काटा काढलेल्या माशाच्या एका बाजूवर) कातडीचा तुकडा राहू द्यायचा, म्हणजे तपासणाऱ्याला मासा कुठल्या जातीचा ते कळतं. पिशव्या सपाट भरून गोठवायच्या, म्हणजे फिले मोजता येतात. दोन फिले म्हणजे एक मासा. झोन 4 मध्ये, म्हणजे या भागात, स्पोर्ट लायसन्सवर वॉलआय जातीचे मासे चार, त्यातला 46 सेंटिमीटरच्या वरचा एकच. कॉन्झर्व्हेशन या कमी माशांच्या लायसन्सवर दोन. किनाऱ्यावर तळून लगेच खायच्या माशाला कातडीची अट नाही, पण मोजणीत तोही धरायचा. हे शेवटचं वाक्य फार जण सोयीने विसरतात. आतडी, डोकी केबिनपाशी टाकायची नाहीत. होडीने दूरच्या उघड्या खडकावर न्यायची. गरुड-सीगल संध्याकाळपर्यंत खडक साफ करून टाकतात आणि अस्वलाला केबिनची वाट सापडत नाही.

जिगचंही (वजनदार डोक्याच्या गळाचंही) तुमचंच खरं. पाव औंस, पिवळट हिरवं डोकं, तीन इंची शेपूट. जूनमध्ये धबधब्याखालच्या संथ पाण्याच्या कडेला. पाणी तापलं की खोल, 15 ते 25 फुटांवरच्या उंचवट्यांवर. तळाला टेकल्याचं हाताला कळलं पाहिजे. कळत नसेल तर जिग हलका आहे किंवा होडी वाऱ्याने पळतेय. पाईक या तीक्ष्ण दातांच्या माशासाठी गळाला जोडायची तार (लीडर), लांब चोचीचा पक्कड आणि गळ तोडायचं कटर. ते कटर पाईकपेक्षा माणसाच्या बोटात रुतलेल्या गळासाठी जास्त लागतं, असं तुम्ही हसत म्हणालात. हसण्यासारखं नव्हतं, पण पटलं.

आईने तुमच्यासाठी आगळाची बाटली आणि घरचा मालवणी मसाला दिला आहे. प्लास्टिकच्या बाटलीत, वजन करून, तुमच्या काट्यावर पास होईल असं.

आणि तुम्ही हाताने काढून दिलेल्या त्या तळ्याच्या नकाशात एक दुरुस्ती. (तळ्याचं नाव इथे लिहीत नाही, का ते तुम्हाला ठाऊक आहे.) पूर्वेच्या खाडीत शिरताना बीव्हर प्राण्याच्या घरट्यापासून डाव्या हाताला तुम्ही दोन दगडांवर फुल्या मारल्यात. त्यांच्या मधोमध तिसरा दगड आहे, पाण्याखाली जेमतेम एक फूट, वरून दिसत नाही. दुपारनंतर उन्हाची तिरीप समोरून येते तेव्हा तर मुळीच नाही. होडी उजव्या काठाला, लव्हाळ्याला घासून नेली तर वाट मोकळी आहे. पुढच्या गटाला नकाशा द्यायच्या आधी तेवढी फुली मारून घ्या.

आपला,
ब्रॅम्प्टनचा पुतण्या