सभामंडप गळतोय, वर्गणी काढतोय

नमस्कार मंडळी, इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या आमच्या खेड्यातल्या चर्चच्या दुरुस्ती समितीत मी एकटीच मराठी, म्हणून आपल्या लोकांना लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. झालं असं की हिवाळ्यात एका रात्रीत कोणीतरी उत्तरेकडच्या छपरावरचा शिशाचा पत्रा सोलून नेला, आता ताडपत्री आहे पण पाऊस आला की पाणी बरोब्बर फॉन्टच्या शेजारी टपकतं, तिथे निळी बादली ठेवलीय.

फॉन्ट म्हणजे बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, आठकोनी, पंधराव्या शतकातलं. काठावर कडी-कोयंड्याची भोकं अजून दिसतात, कारण मंतरलेलं पाणी लोक जादूटोण्याला पळवायचे म्हणून १२३६ साली कुंडाला कुलूपबंद झाकण ठेवायचा हुकूम निघाला होता. म्हणजे चोर काही नवीन नाहीत म्हणा!

मला सगळ्यात आवडतो तो भिंतीतला जिना. वाकून आत शिरायचं, आठ-नऊ झिजलेल्या पायऱ्या चढायच्या आणि पुढे डायरेक्ट हवा, काहीच नाही. पूर्वी तिथे आडवा लाकडी सज्जा होता, रूड लॉफ्ट म्हणतात, आणि वर क्रुसावरचा येशू, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला त्याचा शिष्य जॉन. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथ आला तेव्हाच्या, धामधुमीत ते सगळं उतरवलं, भिंतीवरची चित्रं चुन्याखाली गेली, जिना तेवढा राहिला. सज्ज्याखालचा लाकडी पडदा, म्हणजे संतांची चित्रं असलेली फळ्यांची आडभिंत, अर्धा शिल्लक आहे पण संतांचे चेहरे खरवडलेत, बघवत नाही. (रॅनवर्थच्या चर्चमध्ये असा पडदा रंगांसकट आहे, जमलं तर नक्की बघा.)

आता पैशाचं. जुनी रीत अशी की पूर्वेकडचा चॅन्सेल, आपला गाभारा समजा, तो पाद्रीबुवांनी सांभाळायचा आणि नेव्ह म्हणजे सभामंडप गावाने. इथे लोकरीचा पैसा आला तेव्हा लोक मृत्युपत्रात चर्चच्या कामाला रक्कम ठेवून जायचे, म्हणजे लोकवर्गणीच की. त्या पैशाची ओकची पेटीपण आहे, तीन कुलपांची, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दोन वॉर्डनकडे (चर्चचे गावातले कारभारी), तिघं जमल्याशिवाय उघडायची नाही. सध्या आत ख्रिसमसच्या लाइटच्या माळा आहेत.

विम्याचे पैसे आले पण पुरत नाहीत. परत शिसं घातलं तर परत जाईल, म्हणून स्टेनलेस स्टीलचा पत्रा घालायचा विचार आहे. दहा पाउंड दिलेत तरी चालेल, यूकेत टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भराच, तुमच्या खिशाला काही न लागता दर पाउंडामागे २५ पेन्स सरकारकडून वर मिळतात. मला मेसेज करा, अकाउंट डिटेल्स पाठवते.

पैसे नाही जमले तर शनिवारी सकाळी या, पन्हळीतला पाला काढायचाय आणि बाकांची टोकं पुसायचीत, त्यातल्या एका कोरीव कुत्र्याचं नाक हात फिरवून फिरवून पार गुळगुळीत झालंय. ग्लोव्हज आणा, आल्याचा चहा माझ्याकडून.