स्वीडिशला इंग्रजीचा वळसा कशाला?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

स्वीडिश शिकणारी आपली मुलं मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतात आणि मग त्याचं स्वीडिश करतात. क्रियापदांत हा वळसा हमखास नडतो. पुष्कळ ठिकाणी मराठीतून थेट गेलं तर वाट जवळची पडते.

‘ही इज रीडिंग’ घ्या. ‘इज’ला जोडी म्हणून स्वीडिशमध्ये ‘एर’ सापडतं, पण चालू काळासाठी ते वापरतच नाहीत. ‘हान लेसेर’ म्हणजे ‘तो वाचतो’ आणि ‘तो वाचतोय’ही. आत्ता चाललंय हे ठसवायचं असेल तर ‘हान सित्तेर ओ लेसेर’, म्हणजे आपलं ‘वाचत बसलाय’. उभ्यानं भांडी घासणाऱ्यासाठी ‘स्तोर ओ’, पडल्या पडल्या वाचणाऱ्यासाठी ‘लिग्गेर ओ’. आपल्या ‘बसलाय’मध्ये किंचित वैताग असतो, तिकडे बहुधा नुसती बैठक कळते. भूतकाळात मात्र दोन्ही क्रियापदं बदलतात: ‘सात ओ लेस्ते’. दुसरं मूळ रूपात ठेवणं ही नेहमीची चूक.

चालू क्रिया दाखवायचा दुसरा पर्याय ‘होल्लेर पो आत’, आणि फसगत होते ती इथे. वेळ खाणाऱ्या कामाला तो लावला तर काम चालू आहे असा अर्थ. क्षणात उरकणाऱ्या क्रियेला लावला तर अर्थच पालटतो: ‘हान हॉल्ल पो आत राम्ला’ म्हणजे ‘तो पडता पडता वाचला’. याचं ‘तो पडत होता’ असं भाषांतर करणारा शब्द बरोबर लावतो आणि माणूस उगाच पाडतो.

इंग्रजी ‘नो’साठी (know, जाणणं) तर मराठी वाचकाला फुकटची शिदोरी आहे. माहीत असणं ‘वेता’, ओळखणं ‘शेन्ना’, आणि भाषा येणं ‘कुन्ना’. ‘मला स्वीडिश येतं’ यात ‘नो’ कुठे आहे?

मराठीही सगळीकडे पुरत नाही. आपलं ‘वाटणं’ तिथे फुटतं: सिनेमा चांगला वाटला, हे मत, म्हणून ‘तिक्का’, पाऊस येईलसं वाटतं, हा अंदाज, म्हणून ‘त्रू’. ‘जाणं’ही तसंच. पायी असेल तरच ‘गो’, वाहनानं ‘ओका’. परगावी ‘गो’ने निघालात तर ऐकणारा तुम्हाला चालत पाठवतो. ‘ठेवणं’ याचे निदान दोन: आडवं ते ‘लेग्गा’, उभं ते ‘स्तेल्ला’. सुरी ‘लेग्गा’, पेला ‘स्तेल्ला’. ताट सपाट, तरी ‘स्तेल्ला’च, कारण ते आपल्या बुडावर टेकलेलं असतं.

शेवटचा मुद्दा क्रियापदाला जोडून येणाऱ्या छोट्या शब्दांचा. ‘टर्न इट ऑफ’मध्ये ‘इट’ मधे बसतं. स्वीडिशमध्ये ‘स्तेंग आव देन’, सर्वनाम शेवटी. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, ‘आव’वर द्यायचा. ‘हेल्सा पो’मध्ये आघात ‘पो’वर दिला तर भेटीला जाणं, ‘हेल्सा’वर दिला तर नमस्कार करणं. तोच तुकडा पुढे चिकटवला तरी अर्थ सरकू शकतो: ‘ब्रीता आव’ म्हणजे काडी मोडणं, ‘आव्ब्रीता’ म्हणजे कुणाचं बोलणं मधेच तोडणं. शब्दयाद्या पाठ करून घेणाऱ्यांनी निदान आघाताची खूण तरी छापावी.

आपला,
एक भाषांतरकार