रेफर करण्याआधी

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, झटक्याची बाई, म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणात बीपी वाढून झटके आलेली, आली की तुमच्याकडे सगळे आधी १०८ला फोन लावतात. लावू देत, गाडी हवीच. पण गाडी येईपर्यंतच्या वेळात काय होतं, त्यावर माझा जीव अडकतो. बोलताना तुझं निम्मं लक्ष वॉर्डात असतं, म्हणून हे पत्र. तू मेडिकल ऑफिसर, मी निवृत्त परिसेविका. एका वॉर्डात असतो तर तुला मॅडम म्हणून हाक मारली असती आणि सांगितलं हेच असतं.

मी शिकाऊ होते तेव्हा एक्लॅम्पसियाची, म्हणजे याच झटक्यांची, बाई अंधाऱ्या खोलीत ठेवत. काळे पडदे, कानात कापूस, बोलायचं ते कुजबुजत. उजेडाने आणि आवाजाने झटका येतो अशी समजूत. औषध म्हणजे मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांचं लिटिक कॉकटेल, म्हणजे गुंगीच्या औषधांचं मिश्रण: पेथिडीन, लार्गॅक्टिल, फेनर्गन. बाई गाढ झोपायची आणि नातेवाईक म्हणायचे, आता आराम पडला. त्या अंधारात ओठ निळे पडलेले कुणाला दिसणार होते? तुमच्याकडे अशी खोली कुठे उरली असेल तर आधी तिचे पडदे काढ.

१९९५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याच झटक्यांच्या औषधांची मोठी चाचणी छापून आली. बऱ्याच देशांतल्या बायका त्यात होत्या, आपल्याकडच्याही. मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) मिळालेल्यांना पुन्हा झटका येण्याचा धोका डायझेपामच्या निम्म्याहून कमी होता आणि फेनिटॉइनच्या तर तिसऱ्या हिश्श्यावर आला होता. तेव्हापासून वाद संपला. एवढं साधं, स्वस्त औषध. तरी बाया दगावतात, कारण कपाटाची किल्ली औषधनिर्मात्याकडे असते आणि तो संध्याकाळी घरी गेलेला असतो. (हसू नकोस, जाऊन बघ.)

पहिला डोस द्यायला नर्सताईंना तुझी वाट पाहावी लागत नाही. एएनएमनेही (उपकेंद्रातल्या नर्सनेही) तो द्यावा हे सरकारच्याच मार्गदर्शिकेत आहे: ५० टक्क्यांचं मॅगसल्फ, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत, आणि मग गाडीत. एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम, म्हणजे दहा अँप्युल. दहा एकदम फोडायच्या म्हटलं की नव्या मुलीचे हात थरथरतात, "एवढं कसं देऊ मॅडम?" म्हणते. तिला ओरडू नकोस, एकदा शेजारी उभी राहा. तू असशील तर शिरेतूनही दे: ४ ग्रॅम, २० टक्के करून, सावकाश. झटका चालू असताना बाई डाव्या कुशीवर, तोंड साफ, ऑक्सिजन. कुणी कांदा किंवा चप्पल हुंगवायला आणेल, दातांत चमचा घालायला बघेल. त्यांना बाहेर काढायचं, पण अपमान न करता. तीच माणसं उद्या गाडीत तिच्याजवळ बसणार आहेत.

बीपी १६०/११०च्या वर असेल तर त्याचंही औषध गाडी येण्याआधीच सुरू व्हायला हवं. मॅगसल्फने बीपी उतरत नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

वरच्या दवाखान्यात मी अशा कितीतरी बाया स्ट्रेचरवरून उतरवून घेतल्या. चिठ्ठीवर एकच ओळ: 'पुढील उपचारासाठी रवाना'. डोस दिला की नाही, दिला तर किती वाजता, काही नाही. पुन्हा दिला तर श्वास थांबायची भीती, नाही दिला तर झटक्याची. मग फोनाफोनी, आणि पलीकडे कुणी उचलत नाही. तू लिहिताना झटक्याची वेळ, बीपी, किती ग्रॅम, कुठे, किती वाजता, एवढं लिही. अक्षर वाचता येईल असं. तुझं अक्षर मला ठाऊक आहे.

बाई तुमच्याकडेच राहिली तर चोवीस तासांचं काम सुरू होतं. दर चार तासांनी पुढचा डोस, आणि त्याआधी गुडघ्याचा ठोका (ठोकल्यावर पाय उडतो का), श्वास मिनिटाला निदान १६, लघवी तासाला निदान ३० मिली. यातलं एक जरी कमी पडलं तर डोस थांबवायचा. मॅगसल्फ जास्त झालं तर त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, त्याच ट्रेमध्ये हवं. हे सगळं करायला माणूस लागतं. लेबर रूम सुधारण्याची सरकारी 'लक्ष्य' योजना २०१७मध्ये आली, लेबर रूमना टाइल्स आल्या, भिंतींवर तक्ते आले, ते चांगलंच झालं. पण रात्री सगळ्या वॉर्डाला एकच सिस्टर असेल तर तक्त्यातला श्वास मोजणार कोण? हे वरिष्ठांना लेखी कळव. तोंडी सांगितलेलं आपल्या खात्यात वाऱ्यावर जातं.

बाळंतपण झालं की सगळे पेढ्यांच्या मागे लागतात. तेव्हा दोन गोष्टी बघ. रक्तस्राव झाला तर हात सवयीने मेथर्जिनकडे जातो. त्याने बीपी आणखी चढतं, म्हणून बीपीच्या बाईला ते द्यायचं नाही, ऑक्सिटोसिन द्यायचं. आणि झटका बाळंतपणानंतरही येतो, कधी घरी गेल्यावरही. सुट्टी देताना तिच्या सासूला समोर बसवून सांग: डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर 'बाहेरचं' म्हणून भगताकडे नेऊ नका, रात्र असली तरी इथे आणा. आशाताईंनाही बीपी बघायला त्या घरी पाठव.

आज ड्युटी संपली की ट्रेमधल्या मॅगसल्फवरची तारीख बघ, आणि रात्री ती किल्ली कुणाकडे असते तेही विचार. रविवारी फोन करशील तेव्हा आधी हे सांग, मग जेवणाचं.

तुझी,
आई