‘रिफॅम्पिसिनला दाद देतो’ म्हणजे सगळ्या औषधांना नव्हे

संपादक महोदय,

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाची बातमी आली, की ‘रुग्णाने गोळ्या अर्ध्यावर सोडल्या’ हे कारण ठरलेले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कित्येकांना मुळात असा जंतूच दुसऱ्याच्या खोकल्यातून मिळालेला असतो. त्यातला एक प्रकार क्षयावरच्या दोन मुख्य औषधांपैकी रिफॅम्पिसिनला दाद देतो, आयसोनियाझिडला मात्र नाही. तो नेहमीच्या पहिल्या तपासणीत दिसतच नाही, त्याविषयी हे पत्र.

क्षयाचा जंतू इतर जिवाणूंसारखी प्रतिकाराची जनुके शेजाऱ्याकडून उसनी घेत नाही. ४४ लाख अक्षरांच्या आपल्या जनुकसंचाची नक्कल करताना चुका होतात, तेवढीच त्याची पुंजी. ठोकळ हिशोबाने १० लाखांत एक जंतू आयसोनियाझिडला आणि १० कोटींत एक रिफॅम्पिसिनला, औषध पोटात जाण्याआधीच दाद देत नसतो. फुप्फुसातल्या एका पोकळीत १ ते १०० कोटी जंतू मावतात. एकेकटे औषध हरणारच. पण दोन्हींना चुकवणारा जंतू १०० लाख कोटींत एक! चार औषधे (आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल) एकत्र देण्यामागे हे गणित आहे.

आयसोनियाझिड आधीच निकामी असेल तर हे गणित कोसळते. जनुकवाचनात प्रतिकाराच्या पायऱ्यांचा क्रम बहुतेकदा असाच दिसतो: आधी कॅट-जी जनुकात ३१५ व्या स्थानी बदल (त्याने आयसोनियाझिड निकामी होते), मागाहून रिफॅम्पिसिनचा. ३१५ चा बदल जंतूला स्वस्तात पडतो, त्या जनुकाचे विकर (एन्झाइम) बऱ्यापैकी चालू राहते, म्हणून तो टिकतो आणि पसरतो. नेहमीची सीबीनॅट ही पहिली जनुकीय तपासणी दोनेक तासांत उत्तर देते खरी, पण ती आरपीओ-बी जनुकाचा ८१ अक्षरांचा तुकडा वाचते, म्हणजे प्रतिकार दाखवते तो फक्त रिफॅम्पिसिनचा. अशा रुग्णाला नेहमीचेच उपचार दिले तर दोन महिन्यांनी पायराझिनामाइड थांबते. मागे उरते रिफॅम्पिसिन आणि सोबतीला दुबळे इथॅम्ब्युटॉल. पुढची पायरी, म्हणजे रिफॅम्पिसिनलाही दाद न देणे, तिथेच चढली जाते. वेळीच कळले तर रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड आणि लिव्होफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा वेगळा उपचार आहे.

म्हणून सुरुवातीलाच बेडक्याचे दोन नमुने द्यावेत: एक सीबीनॅटला, दुसरा आयसोनियाझिडचा प्रतिकारही दाखवणाऱ्या एलपीए (लाइन प्रोब अॅसे) तपासणीला. गोळ्या मात्र एलपीएसाठी अडवू नयेत. खासगी दवाखान्यांतून हा दुसरा नमुना बरेचदा जातच नाही, असे आमचे मत आहे. बेडक्यात जंतू कमी असतील तर एलपीए थेट होत नाही, आधी संवर्धन करावे (प्रयोगशाळेत जंतू वाढवावे) लागते; त्यात सहा आठवडेही जाऊ शकतात.

आणि इथे नागपूरचा मे महिना आडवा येतो. पंचेचाळीस अंशांत दुपारभर बाकावर पडलेल्या डबीत तोंडातले साधे जिवाणू माजतात, क्षयाचे मरतात, आणि अहवाल येतो ‘नमुना दूषित’. सकाळी उठल्यावर चूळ भरून, छातीतून खाकरून काढलेला २ ते ५ मिलिलिटर बेडका हवा, लाळ नको. झाकण घट्ट, डबीवर (झाकणावर नव्हे) नाव व तारीख, आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत २ ते ८ अंश. ग्रामीण केंद्रांवरून एसटीने येणाऱ्या नमुन्यांच्या खोक्यात गोठवलेले जेल पॅक घालावेत. सुटा बर्फ वितळून चिठ्ठ्या पुसल्या जातात.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, नागपूर