निनादला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं आणि कुठल्या नाही

प्रिय आई-बाबा,

निनाद समलैंगिक आहे हे कळल्यावर त्याला ‘बदलण्यासाठी’ ज्या दवाखान्यात नंबर लावलात, त्याचं बाबांनी पाठवलेलं पत्रक वाचलं. बारा बैठका, सोबत इंजेक्शनं आणि ‘पूर्ण बदलाची हमी’. आधी तो नंबर रद्द करा, मग पुढचं वाचा.

बाबा, तुम्ही विचारलंत की समलैंगिकता निसर्गात असते तरी का. जन्मभर पशुवैद्यकीय खात्यात काढलेल्या माणसाला जनावरांवरूनच सांगते. गाय माजावर आली की दुसऱ्या गायी तिच्यावर चढतात, ते इथे धरू नका. ती माजाची खूण, आवडीची नव्हे. मेंढ्यांचं वेगळं आहे. अमेरिकेत आयडाहोतल्या सरकारी मेंढी केंद्रात मेंढ्यापुढे माजावरच्या माद्या आणि दुसरे नर दोन्ही ठेवून निवड त्याच्यावर सोडली. सुमारे 8 टक्के मेंढे चाचणी पुन्हा पुन्हा केली तरी नरांकडेच जातात. चार्ल्स रोसेली यांच्या गटाने त्यांचे मेंदू तपासले, तेव्हा हायपोथॅलॅमस या भागातला पेशींचा एक पुंजका माद्यांकडे जाणाऱ्या मेंढ्यांपेक्षा बराच लहान निघाला.

माणसात चित्र इतकं सरळ नाही. 2019 मध्ये पावणेपाच लाखांहून अधिक लोकांची जनुकं तपासली गेली. ‘हेच ते’ म्हणावं असं एक जनुक मिळालं नाही, अनेकांचा थोडा थोडा वाटा दिसला. एकाच आईचे थोरले भाऊ जितके जास्त, तितकी मुलगा समलैंगिक असण्याची शक्यता वाढते, दर भावामागे अंदाजे एक तृतीयांशाने. मूळ शक्यताच दोन टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे वाढूनही ती कमीच राहते. आई, तू फार लाडावलंस किंवा बाबा कायम दौऱ्यावर असायचे म्हणून असं झालं, याला पुरावा नाही. तो हिशोब आता मिटवून टाक.

पण खरं सांगू? निसर्गाच्या दाखल्यावर मी फारशी भिस्त ठेवत नाही. पिल्लं मारणारे बोकेही निसर्गातच असतात. वैद्यकाची कसोटी दुसरी आहे: या गोष्टीमुळेच माणसाला त्रास होतो का, त्याचं काम, झोप, नाती बिघडतात का. जुने डॉक्टर याला आजार म्हणत, कारण त्यांनी पाहिलेले समलैंगिक लोक दवाखान्यातले नाहीतर तुरुंगातले. 1957 मध्ये मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी उपचार न घेणारे 30 समलैंगिक आणि 30 इतर पुरुष निवडले आणि त्यांच्या मानसिक चाचण्या नावं झाकून तज्ज्ञांपुढे ठेवल्या. कोण कुठल्या गटातला, ते तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली.

मग पत्रकातले ‘बरे झालेले’ कुठून येतात? रॉबर्ट स्पिट्झर हे 1973च्या निर्णयामागचेच एक प्रमुख डॉक्टर. पुढे त्यांनी 200 जणांना फोनवर विचारलं आणि ‘काही जण बदलतात’ असं 2003 मध्ये छापलं. पुरावा काय, तर त्या माणसांचं तोंडी सांगणं. त्यातले बरेच जण अशा उपचारांचा जाहीर प्रचार करणारे. 2012 मध्ये स्पिट्झर यांनीच माफी मागितली. घरच्यांचा धाक असलेला मुलगा सुटका व्हावी म्हणूनही ‘बदललो’ म्हणतो, आणि दवाखाना ती केस यशस्वी म्हणून मोजतो.

ती इंजेक्शनं बहुधा टेस्टोस्टेरॉनची असणार. त्याने इच्छेचा जोर वाढू शकतो, दिशा बदलत नाही. उलट बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना इशारा देणं थांबवतो आणि शुक्राणू घटतात. म्हणजे नातवंडांसाठी चाललेला हा खटाटोप नेमका उलटा!

कायद्याचंही ऐका. आईला पोलिसांची भीती वाटते, ती आता नको. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर दोन सज्ञानांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या कलम 3 नुसार, समाजाच्या रीतीत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. असे ‘बदलाचे’ उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते.

तरीही डॉक्टरची गरज पडू शकते, निराळ्या कारणासाठी. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, जेवण तुटलेलं, कशातच मन लागत नाही, ‘मी नसतो तर बरं’ असं बोलणं: हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मरणाची भाषा कानावर आली तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याला एकटं ठेवू नका. 14416 या टेलिमानसच्या (सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा) क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. डॉक्टर निवडताना मानसोपचारातली एम.डी. पदवी किंवा डी.पी.एम. पदविका आणि चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक बघा; समुपदेशनासाठी जायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. फोनवरच विचारा, ‘समलैंगिकता बदलून देता का?’ ‘हो’ म्हणाले की फोन ठेवा. आणि निनादची तयारी असेल तरच न्या. खोलीत त्याला एकट्याला बोलू द्या. आई, तू बाहेर बस.

राहिलं लग्न. ‘एकदा बायको आली की सुधारेल’ हा उपाय नाही, त्यात दुसऱ्याची मुलगी भरडली जाते. ही गोष्ट लपवून लग्न लावलं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली, फसवून संमती घेतली म्हणून ती लग्न रद्द करून मागू शकते. पण अर्ज फसवणूक कळल्यापासून एका वर्षात करावा लागतो, आणि तेवढ्यात बऱ्याच मुली माहेरी तोंड उघडायला धजत नाहीत. विवाह मंडळात त्याचं नाव घातलंय, ते याच आठवड्यात काढून घ्या. काकूंनी सुचवलेल्या नाशिकच्या स्थळाला ‘सध्या बघत नाही’ एवढंच कळवा; कारण सांगायचं की नाही, ते निनाद ठरवेल.

तुमची,
सई