शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील ताईंचे मनःपूर्वक आभार

आमचा नातू अडीच वर्षांचा झाला तरी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नव्हता. परंपरेप्रमाणे घरात वेखंड उगाळून मधातून चाटवले जात होते, आणि वाचा-उपचार सुरू करावेत की वेखंडाचा गुण येईपर्यंत थांबावे, यावरून सून व माझी पत्नी यांच्यात अबोला धरण्याइतका ताण आला होता.

अशा वेळी जिल्हा रुग्णालयातील, लहान मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून त्यांवर उपचार करणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या वाचा-उपचारतज्ज्ञ ताईंनी आम्हाला सावरले. नीट ऐकू आल्याशिवाय मूल बोलायला शिकत नाही, म्हणून त्यांनी आधी श्रवणचाचणी करवून घेतली. सुदैवाने कान निर्दोष निघाले. वेखंडातील बीटा-ॲसारोन हा घटक अपायकारक ठरू शकतो आणि अमेरिकेत १९६८पासून वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी आहे, हे त्यांनी माझ्या पत्नीला कोणताही दोष न देता, “आजी, तुमची माया औषधापेक्षा मोठी आहे, तीच आपण कामाला लावू,” असे म्हणून समजावले.

मग त्या स्वतः सतरंजीवर बसल्या. चेंडू हातात धरून “दे” म्हणायचे आणि मुलाकडे पाहत, घाई न करता थांबायचे, हे त्यांनी आजीकडून पुन्हापुन्हा करवून घेतले. बाहेर रांग असतानाही त्यांनी एकदासुद्धा घड्याळाकडे पाहिले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. आता नातू आजीकडे चेंडू मागतो, आणि घरातला अबोलाही संपला आहे.

त्या ताईंचे, तसेच केसपेपरच्या खिडकीवरून आम्हाला थेट त्यांच्या दारापर्यंत पोहोचवणाऱ्या मावशींचे आम्ही सर्व कुटुंबीय अत्यंत ऋणी आहोत.